माती वेगळी, मैला वेगळा

पोळ्याच्या आदल्या दिवशी औंढा नागनाथच्या आसपास कुठल्याही गावात जा, नाहीतर शेतातल्या एखाद्या आखाड्यावर जा. ओसरीत लेकरं मातीचे बैल करत बसलेली असतात. शेतातली काळी माती पाण्यात मळून चिकट झालेली असते. वशिंड जमतं, शिंगं मात्र पुन्हा पुन्हा गळून पडतात. कोपरापर्यंत हात भरलेले आणि नखांत चिखल. या गडबडीत घरातलं सगळ्यात धाकटं लेकरू एका बैलाचं डोकं मोडून सरळ तोंडात घालतं.

मग ओसरीत भांडण लागतं. आजी म्हणते, "खाऊ दे गं थोडी, काही होत नाही. आम्ही काय कमी खाल्ली?" सून लेकराच्या तोंडात बोट घालून माती काढता काढता म्हणते, "आत्याबाई, जंत होतील त्याला. मग तुम्हीच म्हणाल, लेकरू अंगी लागत नाही."

हे भांडण विज्ञानातही चालू आहे. फक्त तिथे आजी आणि सून वेगवेगळ्या देशांतल्या प्रयोगशाळांत बसलेल्या आहेत. मला विचाराल तर दोघी खरं बोलतात, पण बोलतात दोन वेगळ्या गोष्टींबद्दल. ही गुंतागुंत सोडवणं हेच या प्रकरणाचं काम.

विसोबांचे पाय

औंढ्याची एक कथा प्रत्येक मराठी घरात माहीत असते. संतमेळ्यात गोरोबाकाकांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारून पाहिलं आणि नामदेवांजवळ येऊन सांगितलं, हे मडकं कच्चं आहे. हिरमुसलेले नामदेव गुरूच्या शोधात औंढ्याच्या नागनाथाच्या देवळात आले. पाहतात तो विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून निजलेले. नामदेव चिडले. विसोबा म्हणाले, मी म्हातारा माणूस, जिथे देव नाही अशा जागी माझे पाय उचलून ठेव. नामदेवांनी पाय जिकडे नेले तिकडे पिंड उभी राहिली.

विसोबांना सांगायचं होतं ते देवाबद्दल. सूक्ष्मजीवांबद्दल बोलताना मात्र याहून नेमका दृष्टान्त मला सापडलेला नाही. जंतू नाहीत अशी जागा शोधून लेकराला तिथे ठेवायचं म्हटलं, तर आपलाही नामदेव होईल. चिमूटभर मातीत कोट्यवधी जिवाणू असतात. जमिनीवर आहेत, भिंतीवर आहेत, आईच्या कातडीवर आणि दुधात आहेत. मोठ्या माणसाच्या शरीरात त्याच्या स्वतःच्या पेशी सुमारे ३० लाख कोटी असतात आणि जिवाणू सुमारे ३८ लाख कोटी. म्हणजे आपल्याच घरात आपण अल्पसंख्य!

हे पाहुणे बहुतेक निरुपद्रवी असतात आणि कित्येक उपकारी. मृगाच्या पहिल्या सरीनंतर मातीचा जो वास सुटतो, त्यातला मोठा वाटा जिओस्मिन या द्रव्याचा आहे. ते तयार करतात मातीतले स्ट्रेप्टोमायसेस जातीचे जिवाणू. याच जातीतल्या एका जिवाणूपासून १९४३ साली अमेरिकेत स्ट्रेप्टोमायसिन मिळालं आणि क्षयावर पहिल्यांदाच परिणामकारक प्रतिजैविक हाती आलं. ज्या वासानं जीव सुखावतो आणि ज्या औषधानं अनेकांचा जीव वाचला, ती दोन्ही एकाच कुळीची देणगी आहे.

औंढ्याच्या परिसरात धुळीचा कणही चालणार नाही अशी एक जागा मात्र तयार होते आहे. गुरुत्वीय लहरी टिपणारी 'लायगो-इंडिया' ही वेधशाळा इथे उभी राहायची आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं तिच्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. चार-चार किलोमीटर लांबीच्या तिच्या दोन भुजांतून जवळजवळ सगळी हवा उपसून टाकावी लागते. आत उरणारा दाब बाहेरच्या हवेच्या दाबाच्या एक लाख कोटीव्या हिश्श्याइतका. आरशावर धूळ बसली तर यंत्र आंधळं होईल.

यंत्राला ही स्वच्छता हवीच. लेकरासाठीही तशीच ठेवली तर काय होतं?

कच्चं मडकं

इंग्लंडमधल्या मँचेस्टरचे चार्ल्स ब्लॅकली यांना परागकणांमुळे शिंका आणि नाकाडोळ्यांतून पाणी येण्याचा त्रास होता. १८७३ साली त्यांनी या विकारावर पुस्तक लिहिलं. त्यात एक चमत्कारिक गोष्ट नोंदवलेली आहे. ज्यांच्या अंगावर परागकण सगळ्यात जास्त पडतात त्या शेतकऱ्यांना हा त्रास क्वचितच होतो. होतो तो शिकल्यासवरल्या शहरी मंडळींना.

पुढची शंभर वर्षं या निरीक्षणाकडे फारसं कोणी वळून पाहिलं नाही. १९८९ मध्ये डेव्हिड स्ट्रॅचन यांनी मार्च १९५८ मधल्या एकाच आठवड्यात जन्मलेल्या १७,४१४ ब्रिटिश मुलांची तेविसाव्या वर्षापर्यंतची माहिती तपासली. घरात थोरली भावंडं जितकी जास्त, तितका परागज्वर कमी, असं त्यांना आढळलं. त्यांचा तर्क असा होता की थोरली भावंडं बाहेरून जंतू आणतात, धाकट्याला देतात आणि त्यात धाकट्याचा फायदा होतो. या तर्काला पुढे 'स्वच्छतेचं गृहीतक' असं नाव पडलं.

त्याच सुमारास जर्मनी एक झाला. पूर्वेकडच्या लाइपझिग आणि हालेची हवा कोळशाच्या धुरानं काळवंडलेली, तर पश्चिमेचं म्युनिक लख्ख. संशोधक एरिका फॉन मुटियस यांना वाटलं होतं की दमा पूर्वेकडे जास्त असेल. आकडे नेमके उलटे निघाले. दमा आणि परागज्वर दोन्ही म्युनिकच्या मुलांत जास्त होते. पुढे बव्हेरिया आणि आल्प्सच्या पायथ्याच्या गावांतून पाहणी होत गेली तसा एकच धागा हाती येऊ लागला. तान्हेपणी गोठ्यात वावरलेल्या मुलांना दमा आणि अ‍ॅलर्जी कमी होते.

यातला सगळ्यात बोलका पुरावा २०१६ साली अमेरिकेतून आला. आमिश आणि हटराइट हे तिथले दोन शेतकरी पंथ. दोघांचे पूर्वज मध्य युरोपातले. रक्त सारखं, मोठी कुटुंबं सारखी, जेवणखाण जवळपास सारखं. फरक शेतीत. आमिश अजून घोडे जुंपतात, गोठा घराला लागून असतो आणि लेकरं त्यात खेळतात. हटराइटांची शेती मोठ्या यंत्रांची, गोठे वस्तीपासून लांब, आणि तिथे लहान मुलांना सहसा नेत नाहीत. आमिश मुलांत दम्याचं प्रमाण होतं सुमारे ५ टक्के, हटराइट मुलांत सुमारे २१ टक्के. संशोधकांनी दोन्हींकडच्या घरांतली धूळ गोळा केली. जिवाणूंच्या आवरणातलं एंडोटॉक्सिन नावाचं द्रव्य आमिश घरांच्या धुळीत जवळपास सातपट होतं. ती धूळ उंदरांच्या नाकात घातली. आमिश धुळीनं उंदरांचा दम्यापासून बचाव केला, हटराइट धुळीनं केला नाही.

हिंगोलीच्या वाचकाला हे परकं वाटू नये. बैल गेले, ट्रॅक्टर आला, गोठा मोडला, अंगणात फरशी बसली, आखाड्यावरचं कुटुंब तालुक्याच्या गावी राहायला गेलं. आमिशापासून हटराइटापर्यंतचा हा प्रवास आपल्याकडे एकाच पिढीत उरकतो आहे.

हे घडतं कसं? तान्ह्या बाळाची रोगप्रतिकारशक्ती गोरोबांच्या भाषेत कच्चं मडकं असते. तिच्याकडे शस्त्रं आहेत, पण ती कोणावर उचलायची याची समज नाही. ही समज येते सवयीनं. जन्मताना आईच्या शरीरातून, मग दुधातून, भावंडांकडून, मातीतून आणि जनावरांकडून नाना तऱ्हेचे निरुपद्रवी सूक्ष्मजीव भेटत जातात. त्या भेटींतून आवर घालणाऱ्या पेशी तयार होतात. समोर परागकण आले, भुईमूग आला, घरातली धूळ आली, की त्या बाकीच्या फौजेला सांगतात, हा शत्रू नव्हे, हत्यार खाली ठेवा. ज्या लेकराला लहानपणी कोणी भेटलंच नाही, त्याची फौज पुढे सावलीवरही तुटून पडते. दमा, परागज्वर, इसब ही त्या तुटून पडण्याची नावं. हे शिकणं पहिल्या दोन-तीन वर्षांत सगळ्यात वेगानं होतं.

आईच्या दुधातली व्यवस्था तर थक्क करणारी आहे. त्यात अशा काही शर्करा असतात ज्या बाळाला पचतच नाहीत. मग आई त्या बनवते कशासाठी? बाळाच्या आतड्यातल्या बिफिडोबॅक्टेरियम जिवाणूंसाठी. एका लेकराला पाजताना ती त्याच्या बिऱ्हाडकरूंचंही ताट वाढत असते.

आजीचं कुठे चुकतं

इथवर वाचून आजी म्हणेल, मी तेच म्हणत होते. तिनं अजून थोडं थांबावं.

स्ट्रॅचन यांच्या तर्काचा एक भाग टिकला नाही. गोवर, हगवण, न्यूमोनिया असे आजार झाल्यानं मूल अ‍ॅलर्जीपासून वाचतं, असं पुढच्या अभ्यासांत दिसलं नाही. २००३ मध्ये ग्रॅहॅम रूक यांनी मांडणी सुधारली आणि या उपकारी जीवांना 'जुने मित्र' म्हटलं. माणूस गुराखी आणि शेतकरी होता, त्याहीआधी रानात फिरत होता, तेव्हापासून जे सूक्ष्मजीव सोबत आहेत ते मित्र. पटकी, गोवर, पोलिओ ही पुढे दाट वस्त्यांत पसरलेली संकटं. त्यांच्याकडून शिकण्यासारखं काही नाही, त्यांच्यापासून वाचायचं असतं. लस द्यायची आणि पाणी शुद्ध ठेवायचं.

बव्हेरियातलं लेकरू गोठ्यात लोळतं, पण त्याच्या घराच्या मागे उघड्यावर कोणी बसत नाही, आणि ते पितं ते पाणी स्वच्छ असतं. त्याच्या वाट्याला माती येते, मैला येत नाही. आपल्याकडे शतकानुशतकं ही दोन्ही एकाच अंगणात मिसळलेली राहिली आणि आपण दोन्हींना एकच नाव दिलं, घाण. सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

सुनेला ज्याची भीती वाटते त्या जंताचा प्रवास पाहा. मोठ्या जंताची एक मादी दिवसाला सुमारे दोन लाख अंडी घालते. ती अंडी विष्ठेतून मातीत पडतात, पण लगेच बाधत नाहीत. ओलसर मातीत दोन-चार आठवडे मुरली की मगच ती घातक होतात, आणि अशी मातीत वर्षानुवर्षं टिकू शकतात. आकडेकृमीची अळी तर तोंडाची वाटही पाहत नाही, ती अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरते आणि आतड्याला चिकटून रक्त पिते. माती इथे फक्त सरायीचं काम करते. उतारू माणसाच्या पोटातून आलेला असतो. ज्या मातीवर कधी कोणी बसलं नाही, त्या मातीत माणसाचे जंत येणार कुठून?

जंतांची गोष्ट गुंतागुंतीची आहे, हेही सांगायला हवं. आफ्रिकेतल्या गॅबॉनमध्ये मारिया याझदानबख्श यांच्या गटाला असं दिसलं, की कृमींची लागण असलेल्या मुलांच्या कातडीवर धुळीतल्या कीटकांची अ‍ॅलर्जी कमी उमटते, आणि औषधानं कृमी काढले की ती वाढते. म्हणजे जंतही आपल्या फौजेला गप्प बसवतात, पण स्वतःच्या सोयीसाठी. या गप्प बसण्याची किंमत लेकरू रक्तानं मोजतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची जवळपास ६९ टक्के मुलं रक्तक्षयी आढळली आणि सुमारे ३५ टक्के वयाच्या मानानं खुजी. या रक्तक्षयाला अपुरा आहार आणि इतरही कारणं आहेत, पण अशा राज्यात जंत पाळून दमा टाळणं म्हणजे उंदीर मारायला घर जाळणं. म्हणूनच २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिनी, १० फेब्रुवारीला, अंगणवाडीत आणि शाळेत अल्बेंडाझोलची गोळी दिली जाते. एक ते दोन वर्षांच्या बाळाला अर्धी, पुढे एकोणीस वर्षांपर्यंत पूर्ण. ती चुकवू नये.

मैल्याचं दुसरं नुकसान डोळ्यांना दिसत नाही. रोज थोडाथोडा मैला पोटात जात राहिला की हगवण लागली नाही तरी आतड्याचं अस्तर सुजतं आणि झिजतं. मग खाल्लेलं अंगी लागत नाही. सुनेच्या तोंडचा शब्द इथे अक्षरशः खरा ठरतो.

महाराष्ट्राला हे गाडगेबाबांनी कितीतरी आधी सांगितलं. १८७६ साली अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात जन्मलेला हा माणूस गावात शिरताच आधी खराटा हातात घ्यायचा आणि कीर्तन रात्री करायचा. २००० साली राज्य सरकारनं त्यांच्याच नावानं ग्रामस्वच्छता अभियान सुरू केलं. २००४ मध्ये अहमदनगर जिल्ह्यातल्या साठ गावांत एक पद्धतशीर प्रयोग झाला. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा निवडलेल्या निम्म्या गावांत संडासांसाठी जोरदार मोहीम राबवली गेली. पुढे मोजमाप केलं तेव्हा त्या गावांतली लहान मुलं सरासरीनं उंच भरली.

मात्र २०१८ मध्ये बांगलादेश, केनिया आणि झिम्बाब्वेतल्या मोठ्या प्रयोगांचे निकाल आले. तिथे संडास, साबण, शुद्ध पाणी सगळं देऊनही मुलांच्या उंचीत फरक पडला नाही. यावरून तज्ज्ञांत अजून वाद आहे. मला त्यातला एक मुद्दा पटतो. संडास एका घरी आला आणि शेजारी मात्र उघड्यावरच गेला, तर माशा आणि पावसाचं पाणी काही सातबारा पाहून हद्द पाळत नाहीत. मैला गावाचा असतो, घराचा नसतो. झिम्बाब्वेतल्या संशोधकांनी रांगणाऱ्या बाळांवर तासन्‌तास नजर ठेवली, तेव्हा बाळं माती खात होती आणि कोंबड्यांची शीटही खात होती. हे संडासानं कसं थांबणार? गोठ्यात वावरणं वेगळं आणि कोंबड्यांची शीट पोटात जाणं वेगळं, हे तिथे दिसलं.

आणखी एक भीती सुनेनं विसरू नये. धनुर्वाताच्या जिवाणूचे बीजाणू मातीत आणि जनावरांच्या शेणात असतात. नाळ कापल्यावर जखमेला शेण किंवा राख लावण्याच्या चालीनं किती बाळं गेली याची मोजदाद नाही. गरोदरपणातली लस आणि स्वच्छ बाळंतपण यांमुळे २०१५ मध्ये भारत माता आणि नवजात बालकांच्या धनुर्वातातून मुक्त झाल्याचं जाहीर झालं. सारवलेल्या अंगणात शेण ठीक आहे. उघड्या जखमेवर कधीही नाही.

चांगला पाहुणा

चांगले जंतू जीव वाचवू शकतात, याचा सगळ्यात ठसठशीत पुरावा आपल्याच देशातला आहे. ओडिशाच्या खेड्यांत साडेचार हजारांहून जास्त नवजात बाळांवर झालेल्या प्रयोगाचा निकाल २०१७ साली प्रसिद्ध झाला. निम्म्या बाळांना जन्मानंतर पहिल्या काही दिवसांत सुरू करून सात दिवस एक पूड दिली होती. तिच्यात लॅक्टोबॅसिलस प्लँटॅरम हा जिवाणू आणि त्याचं खाद्य असलेली एक शर्करा होती. पूड न मिळालेल्या बाळांत रक्तातला जंतुसंसर्ग आणि मृत्यू मिळून ९ टक्के होते. पूड मिळालेल्यांत ते सुमारे साडेपाच टक्क्यांवर आले. याच जातीचे जिवाणू घरच्या आंबवलेल्या पदार्थांतही आढळतात. पण तो प्रयोग मोजून-मापून केलेला होता, म्हणून नवजात बाळाला घरच्या घरी काही चाटवायला कोणी जाऊ नये. त्याला आईचं दूध पुरेसं आहे.

पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रात डॉ. योगेश शौचे यांच्या गटानं आणखी एक खास देशी वाट धरली. आजोबा, मुलगा, नातू एकाच छपराखाली राहतात अशी दोन एकत्र कुटुंबं त्यांनी घेतली आणि वयानुसार आतड्यातले जिवाणू कसे बदलतात ते पाहिलं. तो अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. एकच चूल आणि एकच पाणी असं तीन पिढ्यांचं घर ही वैज्ञानिकाच्या दृष्टीनं आयती प्रयोगशाळा.

फिनलंडला ही आयती सोय नव्हती. २०२० साली तिथल्या संशोधकांनी काही शहरी पाळणाघरांच्या अंगणांत जंगलातली माती आणि हिरवळ आणून अंथरली. अठ्ठावीस दिवसांत मुलांच्या कातडीवरच्या सूक्ष्मजीवांचं वैविध्य वाढलं आणि रक्तात आवर घालणाऱ्या यंत्रणेच्या खुणा सुधारल्या. तिकडे माती ट्रकमधून आणावी लागली. औंढ्याच्या लेकराला ती दारात फुकट मिळते.

न्यायनिवाडा

आता ओसरीतल्या त्या भांडणाचा निकाल लावू.

लेकराला मातीत खेळू द्या. बैल करू द्या, शेतात जाऊ द्या, वासराच्या गळ्यात पडू द्या, चुलत-मावस भावंडांत लोळू द्या. फक्त जागा पाहा. जिथे माणसं उघड्यावर बसतात, कोंबड्या हगतात किंवा नुकतंच कीटकनाशक फवारलंय, ती जागा टाळा. पावसाळ्यात ओल्या शेतात जाताना पायांत चप्पल हवी. लहान बाळ एखादे वेळी माती चाखेल, पण चालतं-बोलतं मूल रोज माती, भिंतीचे पोपडे किंवा पाटीवरची पेन्सिल खात असेल तर ती खोड म्हणून रागावू नका. अंगात लोह कमी पडल्याची ती खूण असू शकते. आरोग्य केंद्रात नेऊन रक्त तपासून घ्या.

साबणाच्या वेळा दोनच पक्क्या करा, संडासहून आल्यावर आणि जेवणाआधी. बाळाची शी धुणाऱ्या आणि त्याला भरवणाऱ्या बाईनंही त्या पाळाव्यात. कराचीच्या झोपडवस्त्यांत २००५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात हात धुण्यामुळे पाच वर्षांखालच्या मुलांतला न्यूमोनिया निम्म्यावर आला आणि मुलांमधली हगवणही जवळपास तितकीच घटली. त्याच प्रयोगात 'जंतुनाशक' साबण साध्या साबणाहून वरचढ ठरला नाही. फरशीवर रोज उग्र वासाचं औषध ओतण्याची गरज नाही. साध्या सर्दीसाठी डॉक्टरांकडे प्रतिजैविकाचा हट्टही धरू नका. ते औषध शत्रू आणि मित्र ओळखत नाही.

म्हणजे आजी जिंकली मातीच्या बाबतीत, आणि सून मैल्याच्या. दोघींचा समेट होण्याची जागाही गावात आहे. ती म्हणजे दोन शोषखड्ड्यांचा संडास. एक खड्डा भरला की तो बंद करून दुसरा सुरू करायचा. बंद खड्ड्यातल्या मैल्यावर मातीतलेच सूक्ष्मजीव काम करत राहतात. दीड-दोन वर्षांनी तो उघडला तर आत वास नसलेलं, भुरभुरीत, काळसर सोनखत निघतं. पुरेसा वेळ दिला की मैल्याची माती होते.